भंगारातले शिल्प : जुळणीकलेचा एक अभ्यास

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात माझे एक काम मांडले होते. चार फूट व्यासाच्या गोल प्लायवुडवर मध्यापासून बाहेर पसरत जाणारे चोवीस धोटे बसवून त्या सर्वांना मी सोनेरी रंग दिला होता. कामाचे नाव होते 'सूर्य'. धोटा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. मागावर उभ्या ताण्यामधून आडवे सूत घेऊन इकडून तिकडे धावणारी, होडीच्या आकाराची लाकडी वस्तू म्हणजे धोटा. त्याच्या पोटात सुताची कांडी बसते, दोन्ही टोकांना पोलादी टोपणे असतात आणि बाजूला सूत बाहेर येण्यासाठी एक बारीक डोळा असतो.

माझे वडील इचलकरंजीत तेहतीस वर्षे यंत्रमागावर काम करीत होते. धोटे मी त्यांच्याच जुन्या कारखान्यातून आणले होते, पण त्यांना तसे सांगितले नव्हते. मनात होते की प्रदर्शनात एकदम दाखवावे. आबा आले. 'सूर्या'समोर क्षणभर थांबले, पुढे गेले, शेवटच्या भिंतीपर्यंत सगळी व्यक्तिचित्रे लक्षपूर्वक पाहून परत आले आणि मला म्हणाले, "तुझं कंचं गं यातलं?"

मी दाखविल्यावर त्यांनी चष्मा लावला, अगदी जवळ गेले आणि म्हणाले, "धोटं हाईत व्हय हे?" नंतर, मला वाईट वाटू नये म्हणून असेल, "चकाकतंय बाकी चांगलं" एवढे बोलले.

कामाचे कौतुक बऱ्यापैकी झाले होते. परंतु जी वस्तू त्यांच्या हातून एका पाळीत शेकडो वेळा गेली, ती चोवीस वेळा समोर असूनही त्यांना ओळखू आली नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जाईना. चूक त्यांच्या नजरेची नव्हती. मग ती माझ्या कामात होती काय, आणि असल्यास कोठे, याचा शोध घेण्यासाठी मी या कलाप्रकाराचा थोडा अभ्यास केला. तोच येथे मांडीत आहे.

शब्द आणि व्याख्या

टाकाऊ किंवा सापडलेल्या वस्तू एकत्र जोडून केलेल्या कलाकृतीस पाश्चात्त्य कलेत 'असेंब्लाज' असे नाव आहे. फ्रेंच चित्रकार झाँ द्युब्युफे याने १९५३ च्या सुमारास आपल्या काही कामांसाठी हा शब्द वापरला. पुढे १९६१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये विल्यम सीट्झ यांनी 'द आर्ट ऑफ असेंब्लाज' हे मोठे प्रदर्शन भरविले आणि हे नाव रूढ झाले. 'कोलाज' या शब्दाच्या मुळाशी चिकटविण्याची क्रिया आहे. 'असेंब्लाज'च्या मुळाशी एकत्र आणण्याची, जुळविण्याची क्रिया आहे. म्हणून मराठीत त्यास 'जुळणीकला' म्हणावे असे मला वाटते. या लेखात मी तोच शब्द वापरला आहे.

कलेची ही वाट १९१२ साली पिकासोने उघडली असे म्हणावयास हरकत नाही. खुर्चीच्या वेताच्या विणीचा छाप असलेला मेणकापडाचा तुकडा त्याने चित्रावर डकवला आणि लंबगोल चित्राभोवती चौकट म्हणून चक्क दोरखंड बसविला. दुसऱ्याच वर्षी मार्सेल द्युशाँ याने स्वयंपाकघरातल्या स्टुलावर सायकलचे चाक उलटे बसविले. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतील हानोव्हर शहरी कुर्ट श्विटर्स याने ट्रामची तिकिटे, वेष्टने, लाकडाचे तुकडे, तारा असा रस्त्यावरचा कचरा वेचून चित्रे रचली. एका बँकेच्या जाहिरातीतून कापलेल्या 'कॉमर्झ' या शब्दाचे उरलेले शेपूट 'मर्झ', तेच त्याने आपल्या कलेचे नाव केले. ज्या देशात सर्वच मोडून पडले होते तेथे नवे करावयाचे तर मोडक्या तुकड्यांतूनच करावे लागेल, अशी त्याची भूमिका होती. हा विचार मला महत्त्वाचा वाटतो. कचरा त्याने गंमत म्हणून उचलला नव्हता.

जुळणीच्या तीन रीती

या कलेचा इतिहास सालवार देता येईल. परंतु माझा प्रश्न 'वस्तू ओळखू येते की नाही' एवढाच होता. त्या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहिले असता मला तीन रीती स्पष्ट दिसल्या.

पहिली रीत वस्तूची ओळख विरघळविण्याची. लुईझ नेव्हलसन या शिल्पकर्त्रीने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर टाकलेले लाकूड गोळा केले. त्यात जिन्याच्या कठड्याचे दांडे होते, खुर्च्यांचे पाय होते, नक्षीच्या पट्ट्या होत्या. हे सर्व तिने खोक्यांत रचले, खोक्यांची भिंत उभारली आणि ती सगळी एकाच काळ्या रंगात बुडविली. १९५८ सालचे 'स्काय कॅथीड्रल' हे तिचे प्रसिद्ध काम. तेथे खुर्चीचा पाय खुर्चीचा राहत नाही. उजेड आणि सावली यांचाच तो एक भाग होतो. तिला तेच हवे होते.

दुसरी रीत दुहेरी ओळखीची. १९४२ साली, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, पिकासोने सायकलचे सीट आणि हँडल एवढ्या दोनच वस्तू जोडून बैलाचे मस्तक केले. सीट म्हणजे तोंड, हँडल म्हणजे शिंगे. येथे बैल दिसतो आणि सायकलही दिसते. एक पुसून दुसरे आले असते तर त्यात काही मौज उरली नसती. उद्या कोणाला हे मस्तक कचऱ्यात सापडावे आणि त्याने त्याचे पुन्हा हँडल करावे, अशा अर्थाचे पिकासो बोलल्याचे नमूद आहे.

तिसरी रीत वस्तूला तिच्या पूर्वायुष्यासह बोलू देण्याची. ऑगस्ट १९६५ मध्ये लॉस एंजेलिस शहराच्या वॉट्स या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत मोठा उद्रेक व जाळपोळ झाली. तेथेच कलाशिक्षणाचे काम करणारे नोआ प्युरिफॉय आणि त्यांचे सहकारी जडसन पॉवेल यांनी जळक्या ढिगाऱ्यातून सुमारे ३ टन सामान गोळा केले. त्यातून झालेल्या कामांचे '६६ साइन्स ऑफ निऑन' हे प्रदर्शन १९६६ साली भरले. वितळून गोठलेली निऑनची अक्षरे आणि करपलेले लाकूड पाहताना ते कोठून आले हे विसरणे शक्यच नव्हते. अशा कामाला काळा रंग फासला असता तर त्याचा साक्षीदारच गेला असता.

या तीन रीतींत उच्चनीच नाही. परंतु कोणती वस्तू कोणती रीत मागते हे ओळखणे कलावंताकडे असते. माझी चूक येथे होती. ज्या वस्तूजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते, तिच्यावर मी पहिल्या रीतीचा प्रयोग केला. धोट्याचा लांबट, टोकदार आकार मला हवा होता. धोटा मला नको होता.

आपल्याकडील उदाहरणे

हा सारा परदेशी खटाटोप आहे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. पण आपल्या घरातच पाहू. गोधडी ही काय आहे? फाटलेले लुगडे, विरलेले धोतर, लहान मुलाचे झबले हे सर्व एकमेकांवर घालून धावदोऱ्याने शिवलेली ती जुळणीच होय. माझी आजी गोधडीवर हात फिरवून 'हे तुझ्या आत्याच्या लग्नातलं, हे पंजोबांच्या धोतराचं' असे तुकड्यातुकड्याचे सांगत असे. गोधडीत वरीलपैकी तिसरी रीत आहे. शेतातले बुजगावणे मात्र दुसऱ्या रीतीचे. फुटके मडके, आडवी काठी, जुना सदरा यांतून माणूस उभा राहतो, पण मडके मडकेच राहते. फरक एवढाच की ही कामे गरजेपोटी होतात, भिंतीवर टांगण्यासाठी होत नाहीत.

आधुनिक भारतीय कलेतही ही वाट मळलेली आहे. अहमदाबादचे पिराजी सागरा यांनी जाळलेले लाकूड, खिळे आणि धातूचे पत्रे यांतून केलेली कामे प्रसिद्ध आहेत. सर्वांत विलक्षण उदाहरण चंदीगढच्या नेकचंद यांचे. फाळणीत गाव सोडून आलेला हा सार्वजनिक बांधकाम खात्यातला रस्ते निरीक्षक. नवे शहर वसविताना जुनी गावे पाडली गेली, त्यांतला मोडका माल, फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि संडासाच्या भांड्यांचे तुकडे तो सायकलवरून आणी आणि जंगलातल्या सरकारी जागेत कोणासही न सांगता मूर्ती रचीत बसे. वर्षानुवर्षे हे चालले होते. अखेर सरकारी अधिकाऱ्यांना पत्ता लागला, पण बाग पाडली गेली नाही. १९७६ साली 'रॉक गार्डन' लोकांसाठी खुली झाली. नेकचंद २०१५ साली वारले. घर गमावलेल्या माणसाने पाडलेल्या घरांच्या तुकड्यांतून वस्ती उभी करावी, यातला अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

विवान सुंदरम यांच्या '१२ बेड वॉर्ड' (२००५) या मांडणीत लोखंडी खाटांच्या सांगाड्यांवर गादीच्या जागी जुन्या बुटांचे तळवे बांधलेले आहेत. झिजलेला तळवा म्हणजे चाललेला माणूस. तो तळवा घासून स्वच्छ केला असता, किंवा नवा आणला असता, तर खाट रिकामी वाटली असती. येथे मला एक उत्तर मिळाले. वस्तूवरची झीज हा दोष नव्हे. वापरणाऱ्याची सही म्हणून तिच्याकडे पाहावे.

करून पाहताना

आता थोडे कृतीविषयी. ज्या मित्रमैत्रिणींना हा प्रयोग करावयाचा असेल त्यांच्यासाठी माझ्या अनुभवातल्या काही गोष्टी सांगते.

(१) गोळा करणे : भंगारवाल्याकडे जाताना घाईने जाऊ नये. सामान वजनावर मिळते, पण माहिती बोलण्यातून मिळते. वस्तू कोठून आली, काय काम करीत होती, तिचे नाव काय, हे विचारून नोंदवहीत लिहून ठेवावे. धोट्यातल्या डोळ्याला काय म्हणतात हे मला भंगाराच्या दुकानातल्या हमालाने सांगितले. तो पूर्वी मागावर होता.

(२) काय घेऊ नये : दवाखान्यातला कचरा, फुगलेल्या बॅटऱ्या, फुटक्या ट्यूबलाइट आणि ॲस्बेस्टॉसचे पत्रे यांना हात लावू नये. ॲस्बेस्टॉस तोडल्यास त्याची तूस फुफ्फुसात जाते. ट्यूबमध्ये पारा असतो. गंजक्या लोखंडाशी काम करणाऱ्याने हातमोजे घालावेत आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे.

(३) साफसफाई : धूळ, तेल व सुटा गंज काढावा. तारेचा ब्रश आणि रॉकेलचा फडका एवढ्याने पुष्कळ काम होते. रॉकेल वापरताना जवळपास विस्तव नसावा. गंजाचा रंग ठेवावयाचा असेल तर सुटी पूड झाडून वर पारदर्शक लॅकरचा हात द्यावा. लाकडाला बारीक भोके असून पीठ पडत असेल तर त्यात कीड आहे असे समजून ते वेगळे ठेवावे, अन्यथा बाकीच्या लाकडालाही ती लागते. मात्र साफसफाई कोठे थांबवावयाची हे आधी ठरवावे. काचकागदाने खुणाही जातात.

(४) मांडणी : पहिले आठ दिवस काहीही चिकटवू नये. वस्तू जमिनीवर नुसत्या मांडाव्यात, हलवाव्यात, मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी पाहावेत. सर्व वस्तू वापरल्याच पाहिजेत हा मोह टाळावा. एखादी वस्तू काढून घेतल्याने काहीच बिघडत नसेल तर ती तेथे नको होती.

(५) सांधा : जुळणीकलेत खरी परीक्षा सांध्याची असते. माझ्या समजुतीप्रमाणे क्रम असा असावा : प्रथम खाचेत बसविणे किंवा बांधणे, नंतर स्क्रू, नटबोल्ट वा रिव्हेट, आणि सर्वांत शेवटी गोंद. लाकूड, कागद, कापड यांसाठी पांढरा गोंद चालतो, कारण तो छिद्रांत शिरून वाळतो. धातू, काच, चिनीमाती यांना तो धरत नाही. तेथे दोन नळ्यांतले मिश्रण करून लावावयाचे इपॉक्सी वापरावे, पृष्ठभाग आधी खरडून तेलविरहित करावा आणि चोवीस तास हलवू नये. उभ्या कामात जड वस्तू नुसत्या गोंदावर कधीही सोडू नये. जुने कठीण लाकूड तडकते, म्हणून स्क्रूपूर्वी बारीक भोक पाडून घ्यावे. पावसाळ्यात लाकूड फुगते, लोखंड तसे फुगत नाही. तेव्हा लाकडावर लांब लोखंडी पट्टी बसविताना एका टोकाचे भोक किंचित लांबट ठेवावे. 'सूर्या'तले तीन धोटे मी केवळ गोंदाने बसविले होते. जुलैमध्ये ते गळून पडले.

(६) नामपट्टी : साहित्य म्हणून 'मिश्र माध्यम' एवढेच लिहून मोकळे होऊ नये. वस्तू कोणत्या, कोठल्या, किती, हे लिहावे. ज्यांच्या वापरातून वस्तू आपल्याकडे आली त्यांचे आपण एवढे तरी देणे लागतो.

पुन्हा धोटे

यंदा जानेवारीत मी पुन्हा आबांच्या जुन्या कारखान्यात गेले. आता तेथे धोट्याशिवाय चालणारे माग आले आहेत. जुने माग भंगारात गेले. धोट्यांची पोलादी टोपणे काढून लोखंडात घालतात आणि उरलेले लाकूड बंबात जाते, असे कळले. कोपऱ्यातल्या पोत्यात काही धोटे उरले होते. या वेळी मी आबांना बरोबर नेले. निवड त्यांनीच केली. त्यांनी धोटे हातात घेऊन एकेकाचा तळ अंगठ्याने चाचपला आणि बिनकामाचे म्हणून बाजूला टाकले. मी मात्र त्यांनी टाकलेलेच उचलले, कारण तेच सर्वांत झिजलेले होते. ते पाहून ते हसले.

त्यांतून अकरा धोटे मी घेतले. रंग दिला नाही. पाठीमागे त्याच शेडच्या दाराची एक फळी घेतली आणि कमी झिजलेल्यापासून अगदी पातळ झालेल्यापर्यंत ते एकाखाली एक असे मांडले. धोटा फळीला कोठेही चिकटविला नाही. प्रत्येकाखाली दोन लाकडी खुंट्या आहेत, त्यांवर तो टेकलेला आहे. पुढून तारेचा एक बारीक आकडा त्याला धरून ठेवतो आणि तो सोडविला की धोटा हातात घेता येतो. शेवटच्या धोट्यात कांडी बसवून तिचे सूत डोळ्यातून बाहेर काढले आणि खाली लोंबत सोडले.

काम घरीच चालले होते. एका रात्री आबा पाणी प्यायला उठले आणि फळीसमोर उभे राहिले. त्यांना काही सांगावे लागले नाही. त्यांनी शेवटचा धोटा सोडवून घेतला आणि म्हणाले, "सूत उलटं घातलंयस की." मी सुईने सूत आतून न घेता वरून घेतले होते. त्यांनी ते ओढून काढले, कांडीचे टोक डोळ्याशी आणले आणि बाहेरून तोंड लावून एका श्वासात सूत ओढून घेतले. पूर्वी मागावर असेच करीत. ज्या धुळीमुळे त्यांना आज खोकला आहे ती याच वाटेने आत गेली असावी, हे मला त्या क्षणी जाणवले. त्यांनी धोटा पुन्हा खुंट्यांवर ठेवला, आकडा लावला आणि विचारले, "हे कोण विकत घेणार?"

मी म्हटले, "ठाऊक नाही, आबा."

"नको देऊस मग," असे म्हणून ते झोपायला गेले.

या प्रश्नाचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. पोत्यातले अकरा धोटे मला फुकट मिळाले, कारण बाजारात त्यांना किंमत नव्हती. उद्या कोणी या कामाला किंमत दिली तर ती कशाची असेल? माझ्या मांडणीची, की तेहतीस वर्षांच्या झिजेची? जुळणीकला करणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न केव्हातरी येणारच, आणि त्याचे उत्तर कलेच्या इतिहासाच्या पुस्तकात मिळेल असे मला वाटत नाही. एवढे मात्र कळले की वस्तू उचलताना ती कोणाच्या हातातून आली आहे हे विसरले, तर आपण फक्त भंगारच उचललेले असते.

यंदाच्या प्रदर्शनात हे काम 'रात्रपाळी' या नावाने असेल. नामपट्टीवर मी लिहिले आहे : 'धोटे अकरा, यंत्रमागावर वापरलेले, इचलकरंजी. फळी एक, मागाच्या शेडची. सूत घालणे : माझे वडील.' प्राध्यापकांनी व मित्रमैत्रिणींनी ते जरूर पाहावे. धोटे खुंट्यांवरून काढून हातात घ्यावयास हरकत नाही.

(शिल्पकला विभाग, तृतीय वर्ष)